कादंबरीतल्या 1480 च्या फ्लॉरेन्समधल्या चित्रशाळेत तेरा वर्षांच्या दुय्यम पात्राला, शिकाऊ पोऱ्याला, काम काय द्यावं?

कुंचला तर आधी काढून घ्या. तुमच्या खर्ड्यात नुकताच लागलेला पोऱ्या पहिल्याच प्रकरणात मॅडोनाचा (मेरीमातेचा) झगा रंगवतो, हे पटत नाही. वय मात्र बरोबर धरलंय. मायकेलअँजेलो 1488 मध्ये चित्रकार गिर्लान्दायोकडे लागला तेव्हा तेराच वर्षांचा होता. त्याला तीन वर्षांचे मिळून 24 फ्लोरिन (फ्लॉरेन्सची नाणी) द्यायचे ठरले होते.

त्याला सरस आणि प्लास्टर सांभाळायला द्या. चित्रासाठीच्या पॉप्लर लाकडाच्या फळीवर आधी सरस, मग सरसात भिजवलेलं जुनं लिनन, त्यावर भरड प्लास्टर आणि शेवटी मऊ प्लास्टरचे निदान आठ हात. हे मऊ प्लास्टर म्हणजे भाजलेलं जिप्सम भरपूर पाण्यात टाकून महिनाभर रोज ढवळलेलं. ढवळायला विसरला की तळाशी दगड. सरस बकरीच्या चर्मपत्राच्या कातरणांचा. पाणी आटून एक तृतीयांश उरेपर्यंत उकळायचा, निवल्यावर तो थरथरला पाहिजे. प्लास्टरमध्ये कालवलेला हा सरस कडक झाला तर अस्तर तडकतं, पातळ राहिला तर हात लावताच भुकटी निघते. प्लास्टर लावताना नुसतं कोमट हवं. उकळलं किंवा जोरात घोटलं की बुडबुडे धरतात, आणि त्यांची टाचणीएवढी भोकं पुढे सोन्याच्या वर्खातून डोकावतात. मायस्त्रोला, म्हणजे चित्रशाळेच्या उस्तादाला, चिडायला एवढं कारण पुरे.

रंग घोटण्यातही एक चांगला प्रसंग दडलाय. लाल हिंगूळ जितका घोटाल तितका खुलतो. अ‍ॅझुराइट या निळ्या खनिजाचं उलटं: कण फार बारीक झाले की निळाई जाऊन तो फिका पडतो. हिंगुळावर शाबासकी मिळवलेला पोरगा त्याच उत्साहात महागाचा निळा घालवून बसेल. पिवळ्या हरताळात आर्सेनिक आणि पांढऱ्या सफेद्यात शिसं असतं, तेव्हा त्याला बोटं चाटायला लावू नका. रंग कालवायला अंड्याचा बलक मात्र रोज ताजा.

शिसपेन्सिलही नको. रिकाम्या वेळात तो जाळलेल्या हाडाची पूड थुंकीत कालवून लाकडी पाटीवर फासेल आणि चांदीच्या टोकदार काडीने गिरवेल. रेघ चुकली तर नुसती पुसून जात नाही. पाटीला पुन्हा लेप द्यावा लागतो.