लडाखला तंबू-घोड्याच्या मुक्कामाला निघण्यापूर्वी
तुम्ही मुंबईहून, म्हणजे समुद्रसपाटीवरून, विमानाने सुमारे 3,500 मीटर उंचीवरच्या लेहला उतरणार आहात, तेव्हा पहिले दोन दिवस लॉजवरच विश्रांती घ्या. घोड्यावर बसण्याची घाई मुळीच करू नका. मांड मात्र आधीच माथेरानला दोन-तीनदा जाऊन पक्की करा. खोगीर चढवताना घोडा अनेकदा पोट फुगवून धरतो, म्हणून थोडे चालवल्यावर तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा, पुन्हा तपासा. त्याखाली दोन बोटे जेमतेम शिरली पाहिजेत. वाळूत खुंट्या धरत नाहीत, तिथे तंबूच्या दोऱ्या जड दगडांना बांधा, आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू कधीही ठोकू नका, कारण वर डोंगरात पाऊस झाला की तिथे अचानक लोंढा येतो. मुक्कामाला पोहोचल्यावर, स्वतःच्या चहाआधी, घोड्याच्या पाण्याचे पाहा.