पोर्तुगाल-नॉर्वे: मुलींची पटनोंदणी १०० टक्क्यांच्या वर कशी?

पोर्तुगालमध्ये मुलींची प्राथमिक पटनोंदणी १०० टक्क्यांच्या बरीच वर आणि नॉर्वेत जेमतेम १००, म्हणजे पोर्तुगाल पुढे का? तुमचा हा प्रश्न वाचला आणि माझा जुना अहवाल आठवून पोटात गोळाच आला. हे आकडे ग्रॉस नोंदणीचे: प्राथमिकच्या पटावरच्या सगळ्या वयांच्या मुली भागिले प्राथमिकच्या वयाच्या एकूण मुली. नेटमध्ये वरही फक्त त्या वयाच्याच मुली मोजतात.

पोर्तुगालमध्ये नापास करून त्याच वर्गात बसवण्याची सवय जुनी. नॉर्वेत मागे ठेवतच नाहीत. तेरा वर्षांची मुलगी अजून प्राथमिकच्या पटावर असेल, तर ती अंशात येते. छेदात मात्र ६ ते ११ वयाच्याच मुली. आकडा फुगणारच. त्यात नापास होण्यात मुलगे पुढे, त्यामुळे त्यांचा आकडा आणखी फुगतो आणि मुली उगाच मागे दिसतात. मुलींचा आकडा भागिले मुलग्यांचा, हे गुणोत्तर १ च्या जरा खाली गेलं की लगेच भेदभाव लिहून मोकळे होऊ नका. युनेस्को ०.९७ ते १.०३ ला समानताच धरते.

नॉर्वेचा घोळ निराळा. १९९७ मध्ये शाळाप्रवेशाचं वय ७ वरून ६ वर आणलं आणि प्राथमिक ७ वर्षांची झाली. पटावरच्या मुली एकदम वाढल्या, पण त्यात प्रगती वगैरे काही नाही.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका सांख्यिकी कार्यालयानं. कुठल्या देशाचं तेही सांगत नाही. मागणी एवढीच होती: मुली, वयवार, इयत्तावार. उत्तरात लिंक आली, मी फाइल उतरवली होती तीच! पुन्हा विचारलं तर दुसऱ्या विभागाकडे बोट. दुसरा विभाग म्हणे, पहिल्याला विचारा. दरम्यान छेदातली लोकसंख्या जुन्या जनगणनेवरच्या अंदाजाची आहे, ही टीप कुठल्याशा वेगळ्या पीडीएफच्या शेवटच्या पानावर बसली होती. तोवर माझं अख्खं प्रकरण लिहून झालेलं. तक्त्याखाली एक ओळ छापायला यांचं काय जातं?

म्हणून माझं मत (मी संख्याशास्त्रज्ञ नाही, मार्गदर्शकांना विचारूनच ठरवा): ग्रॉस बाजूला ठेवा, वयवार नोंदणी घ्या, आणि आधी त्याच देशातल्या मुलग्यांशी ताडून पाहा. खरं तर आजच्या आकड्यांत मुलींची गोष्ट फारशी उरलेलीच नाही. ती हवी असेल तर मागे जा. पोर्तुगालमध्ये १९५६ साली सक्तीचं शिक्षण ४ वर्षांचं केलं ते फक्त मुलग्यांसाठी; मुलींना ती ४ वर्षं १९६० मध्ये मिळाली. दोघांसाठी ६ वर्षं झाली १९६४ मध्ये. विषय बदलता येत असेल तर मी हाच घेईन.

आणि हो, जागतिक बँकेच्या फाइलमधली दोन टिंबं म्हणजे माहिती नाही, शून्य नव्हे. एक्सेलमध्ये ‘फाइंड-रिप्लेस’नं तिथे शून्य भरून सरासरी काढणारे लोक मी पाहिलेत.