ज्येष्ठांसाठी बाक करताना आधी उठण्याचा विचार करा

बागेत ज्येष्ठांसाठी बाकं करायची आहेत, तर बसायला सर्वांत आरामशीर बैठक कोणती, असं तुम्ही विचारलंय. मी बाकांचे आराखडे करतो आणि माझं ठाम मत आहे की आधी बाकावरून उठण्याचा विचार करावा. गुडघे दुखत असतील तर 'बसलो तर उठता येईल का?' हा हिशेब माणूस दुरूनच करतो आणि शंका आली की उभाच राहतो.

एखाद्या आजींना उठताना नीट बघा. त्या कडेपर्यंत सरकतात, पावलं गुडघ्यांच्या मागे घेतात, पुढे झुकतात आणि हातांनी रेटा देतात. बाक खालून बांधून बंद केलं असेल तर पावलं मागे जातच नाहीत आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. म्हणून पुढच्या कडेखाली वीतभर जागा मोकळी ठेवा. बाकाला हात हवेतच आणि ते पुढच्या कडेपर्यंत यायला हवेत. पुष्कळ बाकांचे हात कडेच्या अलीकडेच संपतात. नेमका रेटा द्यायचा तेव्हा तळव्याखाली काही नसतं. मुठीत मावेल अशी गोलाई असली की पकड घट्ट बसते.

बैठकीची उंची 45 ते 48 सेंटिमीटर आणि खोली 40 ते 45 सेंटिमीटर ठेवा. त्याहून खोल झाली की ठेंगण्या माणसाची पाठ टेकत नाही. मागे उतरती, खोलगट बैठक तर टाळाच; बसताना छान वाटते, पण उठताना चढ चढावा लागतो.

लाकूड दगड-लोखंडासारखं तापत किंवा गारठत नाही. पट्ट्यांत फटी ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही.

पायाखालच्या जमिनीकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. नुसती माती असली की पाय घासून तिथे खड्डा पडतो, पावसात डबकं होतं आणि बाक आपोआप उंच होऊन पाय लोंबकळू लागतात. तिथे पक्की, न घसरणारी फरशी घाला. शक्यतो दर 50 मीटरला आणि चढ संपतो तिथे एक बाक असू द्या, सावलीत. फरशी बाकाच्या एका बाजूला 90 सेंटिमीटर वाढवा, म्हणजे तिथे व्हीलचेअर उभी राहील. नाहीतर नवरा बाकावर आणि व्हीलचेअरमधली बायको समोर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मध्ये, असे त्यांना बसावं लागतं.