आरतीला चंद्र, धप्प्याला धावणारा माणूस

प्रश्न : मुलाचा जुना छोटा डिजिटल कॅमेरा आता माझ्याकडे आलाय. गोदाआरतीला रामकुंडावर काढलेले फोटो एकतर हललेले येतात, नाहीतर सुनेचा चेहरा पांढराफटक आणि मागं मिट्ट काळोख. ऑटोवर काढून पाहिले, डोंगराच्या चित्रावरही काढले. डायलवरच्या ‘एससीएन’मध्ये (म्हणजे सीन मोडमध्ये) तर वीसेक चित्रं आहेत. नेमकं कुठलं निवडू?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, त्यातली निम्म्याहून जास्त चित्रं सोडूनच द्या. ‘खाद्यपदार्थ’ मोड रंग तेवढे गडद करतो; आपल्या मिसळीच्या तर्रीला आणखी लाल करून काय मिळवायचं?

चित्राच्या नावावर जाऊ नका. प्रत्येक चित्रामागं कॅमेरा मुख्यतः तीन-चार गोष्टीच फिरवत असतो. फ्लॅश मारायचा की नाही, शटर किती वेळ उघडं ठेवायचं, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, किती चढवायचा, फोकस कुठं धरायचा. डोंगराच्या चित्रात फ्लॅश बंद आणि फोकस लांबवर. भर दुपारी गंगापूर धरणाच्या काठावर ते झकास चालतं. आरतीच्या वेळी उजेड नसतो, मग शटर रेंगाळतं आणि तेवढ्यात तुमचा हात हलतो. ऑटोत उलटं होतं. फ्लॅश उडतो, शटर चटकन मिटतं. हा एवढासा फ्लॅश पोहोचतो जेमतेम ३-४ मीटर, आणि रामकुंड लांबीला सुमारे २७ मीटर. पलीकडचे दिवे फोटोत येणार कुठून?

तुम्हाला हवं ते माणूस आणि शेजारी चंद्र किंवा चांदणी असलेलं चित्र, म्हणजे ‘नाइट पोर्ट्रेट’. यात फ्लॅश सुनेचा चेहरा उजळतो आणि शटर जास्त वेळ उघडं राहतं, त्यामुळं मागचे दिवे, पाण्यात हलणारं त्यांचं प्रतिबिंब, सगळं उतरतं. पाव सेकंद, कधी पूर्ण सेकंद. एवढा वेळ कॅमेरा हातात स्थिर राहत नाही, भल्याभल्यांच्या नाही. घाटाच्या कठड्यावर टेकवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही टळेल. सुनेला दोनेक मीटरवर उभी करा आणि बजावून ठेवा, फ्लॅश उडाला तरी हलायचं नाही. लोक फ्लॅश उडाला की ‘झाला फोटो’ म्हणून वळतात आणि चेहऱ्याला शेपूट फुटतं.

माणूस नको, नुसती आरतीच हवी, तर ‘रात्रीचं दृश्य’ लावा. त्यात फ्लॅश नसतो. फिरणाऱ्या आरतीच्या ज्योतींच्या रेघा उमटतील. काहींना तो दोष वाटतो, मला तर आवडतात. ‘आतषबाजी’च्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यात शटर काही सेकंद उघडं असतं. रेघा राहतील, आरती करणारे पुजारी धुरासारखे विरून जातील.

प्रश्न : रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, भाचा धप्पा (उडी) मारतो. फोटोत भाचा नाही, नुसतं उडालेलं पाणी! स्पोर्ट्स मोड लावू का?
– एक वाचक, जुनं नाशिक

उत्तर : लावा भाऊ, पण तेवढ्यानं भागणार नाही. धावणाऱ्या माणसाचं चित्र शटर झटपट करतं, त्यामुळं हवेतला माणूस गोठतो. तुमचा उशीर होतोय तो फोकस धरण्यात. भाचा रहाडीच्या काठावर उभा असतानाच त्याच्यावर बटण अर्धं दाबून ठेवा. टाचा उचलल्या की पूर्ण दाबा. पाणी दिसायची वाट पाहिलीत तर गेलं! सलग फोटो काढायची सोय असेल तर तीही चालू करा.

झूम पूर्ण ताणू नका. या कॅमेऱ्यांची भिंगं लांब केली की आत उजेड कमी येतो आणि शटर परत सुस्तावतं. उन्हं कलायच्या आत काय ते उरका. अंधारलं की स्पोर्ट्स मोड आयएसओ भरमसाट चढवतो, आणि उजेड टिपणारा आतला सेन्सर बोटाच्या नखाहून लहान, बहुतेकांत ६ बाय ४.५ मिलिमीटरच्या आसपास. फोटोभर रवा पसरल्यासारखे ठिपके दिसतात. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधा, भिंगापुरतं भोक ठेवून. रहाडीचा रंग कपड्यांतून निघत नाही, बटणांतून काय निघणार!

प्रश्न : काळाराम मंदिराचा काळा दगड फोटोत राखाडी येतो. कुठला सीन मोड?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : कुठलाच नाही. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या उजेडावर आणू पाहतो. पांढरं मळकं होतं, काळं फिकटतं. पांढऱ्यासाठी ‘बर्फ’ मोड दिलाय, काळ्या दगडासाठी कुणी काही दिलेलं नाही. डायल ‘पी’वर ठेवा, अधिक-उण्याचं बटण दाबून उणे ०.७ करा. दगड काळा येईल. घरी जाताना ते शून्यावर आणायला विसरू नका, नाहीतर नातवाच्या वाढदिवसाला सगळे काळवंडतील.