आरतीत नवरा, मैदानात मुलगा आणि मी खुर्च्या मांडतेय

(पत्र थोडं कापलं आहे, ओळखीच्या खुणा काढल्या आहेत.)

"मावशी, जय ख्रिस्त. आम्ही मूळचे नगरचे, सहा वर्षं झाली इंग्लंडात स्विंडनला आहोत. मी मिरजेला नर्सिंग केलं, इथे हॉस्पिटलात आहे. हे आयटीत. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठची. निघताना वाटलं होतं, ख्रिस्ती देशात चाललोय, मुलं आपोआप विश्वासात वाढतील. झालं उलटंच. मुलाच्या फुटबॉलच्या मॅच रविवारी सकाळी, नेमक्या उपासनेच्या वेळी. हे म्हणतात, इथे राहायचं तर इथल्यासारखं राहावं. मराठी मंडळाच्या गणपतीत हे आरतीला पुढे उभे राहतात, निरांजनावरून हात फिरवून डोळ्यांना लावतात. मी मागे खुर्च्या मांडत बसते. गेल्या दिवाळीत बाईंनी मुलाला 'तुमच्या सणाबद्दल' शाळेत बोलायला सांगितलं आणि हा पाच मिनिटं बोलून आला. आपण ख्रिस्ती आहोत हे सांगितलंच नाही. मी रात्रभर रडले. वॉर्डात गळ्यातला क्रूस काढायला लावतात तो वेगळाच. आणि यंदा मंडळाने नैवेद्याचे एकवीस मोदक माझ्याकडे दिलेत, कारण माझ्या मोदकांना कळ्या सुरेख पडतात. काय करू?"

मावशी म्हणालीस, म्हणून 'तू'च म्हणते.

आधी ते 'ख्रिस्ती देश' डोक्यातून काढ. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले. दहा वर्षांपूर्वी ते ५९.३ टक्के होते. आपला काही धर्मच नाही म्हणणारे ३७.२ टक्के. आणि त्या शेहेचाळिसातले किती जण लग्न आणि मयत सोडून चर्चची पायरी चढतात, ते तू तुमच्या मंडळीत मागच्या बाकावरून पाहतेसच. कायद्यात अजून लिहिलेलं आहे की सरकारी शाळेत रोज सामूहिक उपासना व्हावी आणि ती मुख्यत्वे ख्रिस्ती वळणाची असावी. माझ्या नातवाच्या शाळेत त्या वेळात प्लास्टिक कमी वापरा असं सांगतात. चांगलंच सांगतात, पण ती उपासना नव्हे.

नगरला आपण मोजकेच होतो, तरी देव आहे की नाही यावरून कुणी आपल्याला हसलं नाही. शेजारीण तिच्या देवापुढे दिवा लावायची, आपण संध्याकाळी गायनं म्हणायचो, दोघींनाही त्यात काही विचित्र वाटत नसे. तिथे प्रश्न 'कोणता देव' हा होता. तुझ्या पोराला वर्गात विचारतात, 'देव कशाला?' हा दाब तुझ्या-माझ्या वाट्याला त्या वयात आला नव्हता. म्हणून 'आम्ही नाही का निभावलं' हे वाक्य त्याच्यापुढे एकदाही काढू नकोस.

आता दिवाळीचं. तो काय बोलला, हे विचारलंस का? माझा अंदाज सांगते: किल्ला, फराळ, आकाशकंदील. आमच्या गल्लीतही आम्ही सगळी पोरं मिळून किल्ला करायचो, मातीवर अळीव पेरायचो आणि मावळे कुणाचे जास्त यावरून भांडायचो. ज्या काठीवर शेजारच्यांचा कंदील चढायचा, तीच काठी डिसेंबरात आमच्या चांदणीसाठी यायची. ती दिवाळी माझीही होती. तुझ्या मुलाने खोटं काही सांगितलं नाही, त्याने अर्धंच सांगितलं. नाव संस्कृत, आडनाव अस्सल मराठी, रंग सावळा, त्यावरून बाईंनी ताडलं. ताडलेलं दुरुस्त करायला तेरा वर्षांच्या मुलाजवळ एक वाक्य तयार लागतं, ते त्याच्याजवळ नव्हतं. आपण तरी कुठे दिलं होतं? वाक्य त्याचं त्याला जुळवू दे. माझ्या धाकट्याने जुळवलेलं असं होतं: दिवाळी आमच्या शेजाऱ्यांची, नाताळ आमचा, करंज्या दोन्हींकडच्या. बाईंना दोन ओळींची मेल टाक, तक्रारीचा सूर नको. डिसेंबरात याला पुन्हा बोलायला आवडेल, एवढंच.

आणि त्याला एक गंमत सांग. तुम्ही राहता त्याच विल्टशर भागातला एक माणूस १५७९ मध्ये गोव्याला गेला, मराठी शिकला आणि त्याने ख्रिस्ताचं चरित्र मराठी ओवीत लिहिलं. हजारो ओव्या. १६१६ मध्ये ते छापून निघालं. फादर थॉमस स्टीफन्स. 'ख्रिश्चन असून मराठी इतकं छान कसं बोलता?' असं मंडळात पुन्हा कुणी विचारलं, तर हे नाव पुढे करायचं. (मला हा प्रश्न तीस वर्षं विचारतायत. पहिली दहा वर्षं मी रागावत होते.)

तुझ्या घरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर वँटेज नावाचं गाव आहे. एखाद्या शनिवारी सगळ्यांना घेऊन जा. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन तिथल्या मठातल्या सिस्टरांकडे येऊन राहिल्या आणि त्याच सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. पण मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्यावरचा दाब कमी झाला नाही, त्याने फक्त बाजू बदलली. सिस्टरांना वाटे, बाई आता ख्रिस्ती झाली, तर आमच्यासारखी व्हावी. रमाबाईंनी मांसाहार घेतला नाही. हा जातीचा अहंकार उरलाय, असं त्यांना ऐकवलं गेलं, तरी घेतला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, तर त्यांनी विचारलं की आमच्या माणसांना न कळणाऱ्या लॅटिनमध्ये असं काय पवित्र आहे, संस्कृत का नको? चेल्टनमच्या मुलींच्या कॉलेजात असताना पुरुषांना शिकवायचा बेत निघाला, बिशपांनी हरकत घेतली, बाईंनी बिशपांनाही सुनावलं. मुलीला काय शिकवायचं यावरून तर सिस्टरांशी मोठा पत्रव्यवहार झाला. ख्रिस्त स्वीकारला तो पूर्ण मनाने, पण त्याच्याबरोबर इंग्रजी जेवण-खाण, रीतिभाती आणि अधिकाऱ्यांपुढे मान डोलावणं हे सगळं एकाच गाठोड्यात त्यांनी घेतलं नाही.

मग त्या परत आल्या. १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन ही शाळा काढली, पुढच्या वर्षी ती पुण्याला नेली. तिथे उलटा आरोप: बाई फारच ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. कुणाला बोलावत नव्हत्या, पण आलेल्या मुलीला बाहेरही काढत नव्हत्या. दार लावून घ्या म्हणून दडपण आलं, त्यांनी लावलं नाही. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांसारख्या मोठ्या माणसांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडंच राहिलं.

वँटेजला अपुऱ्या ख्रिस्ती आणि पुण्यात अति ख्रिस्ती. तुझं तेच चाललंय. चर्चमधल्या बायकांना तू जरा परकी, मंडळातल्या बायकांना जरा परकी. याची सवय कर, असं मी म्हणणार नाही, सवय होत नाही. पण दोन्हीकडच्यांना खूश करायच्या नादात माणूस रोज थोडं थोडं सगळंच सोडत जातो, म्हणून काय सोडायचं नाही ते आधी ठरवावं लागतं.

बायबलातला दानीएल आठवतोय ना, रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकलेला? आपल्याला सिंहांची गुहा शिकवतात, पहिला अध्याय गाळून टाकतात. कैद करून बाबेलात नेलेल्या दानीएलाची आणि त्याच्या सोबत्यांची नावं बदलली, ती त्यांनी चालवून घेतली. तिथल्या खास्दी लोकांची भाषा आणि विद्या शिकायला बसवलं, ते शिकले आणि पहिले आले. अडलं एकाच गोष्टीवर, राजाच्या ताटावर. तिथेही त्याने थाळी फेकली नाही. कारभाऱ्याला विनंती केली, दहा दिवस भाजीपाला देऊन बघा. भाषा, नाव, नोकरी सगळं दिलं आणि एक रेघ राखली. तीही गोड बोलून. आपली गंमत अशी की आपण रेघा ओढतो पन्नास आणि त्यातली एकही पाळत नाही.

तर तुम्ही दोघांनी बसून एक-दोन रेघा ठरवा. दोघांनी. मुलांना गोंधळात टाकतं ते आई-बाप दोन दिशांना उभे असतात तेव्हा.

तुझ्या नवऱ्याबद्दल सावधपणे लिहिते, कारण तोही हे वाचेल. आरतीला उभं राहणारा प्रत्येक ख्रिस्ती माणूस विश्वास टाकून आला, असं मी मानत नाही. इस्राएलाच्या देवावर विश्वास ठेवू लागलेला अरामाचा सेनापती नामान आठव. राजा माझ्या हातावर टेकतो, त्याच्याबरोबर मलाही रिम्मोनाच्या मंदिरात वाकावं लागतं, तेवढ्याची क्षमा व्हावी, असं त्याने म्हटलं आणि अलीशा त्याला म्हणाला, शांतीने जा. एरवी इतका कडक संदेष्टा, पण तिथे व्याख्यान दिलं नाही. फरक एवढाच की नामानाची ती चाकरी होती आणि त्याला ते बोचत होतं. तुझ्या नवऱ्याच्या हातावर कुणी राजा टेकलेला नाही. त्याला विचार, भांडायला नव्हे: पुढे का उभा राहतोस? 'नाहीतर लोक काय म्हणतील' असं उत्तर आलं, तर तुमचं खरं बोलणं तिथून सुरू होईल. 'मला एकटं पडायची भीती वाटते' असं आलं, तर त्याला जवळ घे, कारण तीच भीती तुलाही आहे, तू फक्त खुर्च्यांमागे लपतेस. आरतीच्या वेळी दोघांनी मिळून मागे शांत उभं राहावं, टाळ्या नाहीत आणि तोंड वाकडंही नाही, असं माझं मत. ज्या घरात पाहुणे जातो तिथे एवढा मान देतोच आपण.

प्रसादाचं पौलाने करिंथकरांना लिहून ठेवलंय: पुढे आलेलं बिनचौकशी खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. आपल्याकडे सांगूनच देतात. मी हात जोडते आणि म्हणते, "हे नाही घेत आम्ही, पण जेवायला पंगतीत पहिली बसणार." एकदाही कुणी रागावलं नाही. जेवायला मात्र खरंच पहिलं बसावं लागतं.

फुटबॉलचा निकाल तुला आवडणार नाही. एरिक लिडेलची गोष्ट तू मुलाला ऐकवली असशीलच, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात रविवार म्हणून शंभर मीटर सोडली आणि चारशे मीटरचं सुवर्ण आणलं. छान गोष्ट आहे, पण ती काठीसारखी वापरू नकोस. लिडेल बावीस वर्षांचा होता, निर्णय त्याचा होता, आईने बूट लपवून ठेवले नव्हते. तू या सीझनला ओढून नेलंस, तर पोरगं शरीराने बाकावर आणि मनाने मैदानात राहील आणि पंधराव्या वर्षी दोन्ही सोडेल. आधी व्यवहार बघ. कितीतरी अँग्लिकन चर्चमध्ये सकाळी आठची छोटी उपासना असते, कुठे संध्याकाळची असते. कोचला विचार, सगळ्या मॅच लागतात का, महिन्यातला प्रभुभोजनाचा एक रविवार मोकळा मिळेल का. आणि हे विचारायला मुलालाच पाठव. "एका रविवारी मी चर्चला जातो, येणार नाही," हे तो स्वतःच्या तोंडाने कोचला म्हणाला, तर वर्षभराच्या हजेरीपेक्षा मी ते जास्त मोलाचं धरीन. पहिल्यांदा म्हणताना त्याचे कान लाल होतील. होऊ देत. उरलेल्या रविवारी बापाने मैदानावर जावं, त्याची मॅच बघावी आणि संध्याकाळी घरी चौघांनी एक गायन, एक अध्याय, मराठीत. मुलगी वाचताना अडखळेल, हसू नका.

वॉर्डातल्या क्रूसावर भांडण काढू नकोस. २०१३ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात असे दोन खटले एकत्र निकाली निघाले. विमान कंपनीतली बाई जिंकली, नर्स हरली, कारण रुग्णाच्या आणि तिच्या सुरक्षिततेचा मुद्दा होता. साखळी रुग्णाच्या हातात येते, हे तुला मिरजेतही शिकवलंच असेल. क्रूस पर्समध्ये ठेव. रात्रपाळीत घाबरलेल्या म्हातारीचा हात दहा मिनिटं धरून बसतेस, त्याला कुठल्याही नियमावलीची हरकत नाही. तिच्यासाठी प्रार्थना करायची तर मनात कर, तिने स्वतः मागितली तर वॉर्डाची रीत विचारून चॅप्लनला, म्हणजे हॉस्पिटलच्या धर्मसेवकाला, बोलाव.

राहिले मोदक. नैवेद्याचे एकवीस तू करू नकोस, ते त्यांच्या देवापुढे ठेवायचे आहेत आणि ते ज्यांच्या श्रद्धेचं आहे त्यांनीच करावेत, त्यांच्या दृष्टीनेही तेच बरं. पण नुसतं 'नाही' पाठवू नकोस. आजच फोन कर, गणपतीच्या आदल्या दिवशी नको, आणि सांग की नैवेद्य दुसऱ्या कुणाकडे द्या, पंगतीचा मसालेभात साठ माणसांचा मी करते. कळ्या कशा पाडायच्या हे जिला शिकायचं असेल, तिला आदल्या शनिवारी तुझ्या स्वयंपाकघरात बोलव. उकड नीट मळायला लाव, बहुतेकींची तिथेच चुकते. चहाला बसाल तेव्हा रोजच्यासारखी डोळे मिटून प्रार्थना कर, मुलीला म्हणू दे हवं तर. मोठ्याने, मराठीत, आणि स्वयंपाकघराचं दार लोटू नकोस.