चौखूर उधळणं आणि स्टब्जचा घोडा

प्रश्न असा: अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्ज याच्या ‘व्हिसलजॅकेट’ या चित्राखाली ‘चौखूर उधळलेला घोडा’ असं लिहिलेलं पाहिलं. हे बरोबर आहे का?

नाही. खूर मोजून बघा. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या या जवळपास तीन मीटर उंच चित्रात (साधारण १७६२) तांबूस घोड्याचे मागचे दोन खूर खाली टेकलेले आहेत, पुढचे दोन वर आहेत. घोडा जागेवरच आहे. ‘चौखूर’ हे वेगाचं क्रियाविशेषण. धाव नसेल तिथे ते लागत नाही.

या पवित्र्याला युरोपातल्या घोडेस्वारीत ‘लवाद’ म्हणतात: मागचे गुडघे खोल वाकवून पुढचं अंग उचलायचं. मराठीत तो शब्द आणला तर वाचक तंटा मिटवणारा माणूस शोधत बसेल! ‘पुढचे पाय उचललेला घोडा’ एवढं पुरे.

‘उधळणं’ही जपून वापरावं. वरातीतला घोडा उधळतो, बैल उधळतो, म्हणजे आवरेनासा होतो. स्टब्जच्या १७९१च्या चित्रात बॅरोनेट हा शर्यतीचा घोडा जॉकी चिफ्नीला घेऊन पळतोय. तो लगामात आहे. त्याला ‘भरधाव’ म्हणा, फार तर ‘चौखूर धावणारा’.

मात्र ‘चौखूर’ म्हणजे चारी खूर एकदम हवेत, असा अर्थ काढू नये. दुडकीत समोरासमोरच्या कोपऱ्यांतले पाय जोडीनं पडतात, म्हणून दोन ठोके ऐकू येतात. भरधाव पळताना चार खुरांचे चार वेगळे ठोके पडतात. मग क्षणभर घोडा अधांतरी असतो, पण तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. बॅरोनेटचे पुढे-मागे ताणलेले पाय हा तेव्हाच्या चित्रकारांचा संकेत. १८७८मध्ये छायाचित्रकार मायब्रिजनं काढलेल्या धावत्या घोड्याच्या छायाचित्रांनी तो खोटा ठरवला.

याच स्टब्जनं १७५६पासून लिंकनशरमधल्या हॉर्कस्टो गावी दीड वर्ष मेलेले घोडे कड्यांना टांगून, रक्तवाहिन्यांत चरबी भरून, थराथरानं सोलून काढले होते. एक घोडा तर अकरा आठवडे चालला. त्यातून १७६६चं अश्वशरीराचं पुस्तक झालं, त्यातली चित्रं छापायचे तांब्याचे पत्रेही त्यानंच कोरले. उभ्या घोड्याचा स्नायू त्याच्याकडून चुकत नाही. टांगलेला घोडा पळून मात्र दाखवत नाही.

लिहिताना: ‘चौखूर’मधला खू दीर्घ, पण ‘खुराला’, ‘खुरांचा’ यांत ऱ्हस्व.