पोरगं फाडफाड वाचतंय, पण कळतंय का?

"मॅडम, वाचायला लावा, फाडफाड वाचतंय. पण काय वाचलंस म्हटलं की तोंडाकडं बघत बसतंय." कोल्हापुरातल्या शाळांमध्ये तिसरी-चौथीच्या पालकसभेनंतर हे वाक्य हमखास ऐकू येतं. पुढचा प्रश्नही ठरलेला, "ट्यूशन लावू का?" खाली दिलेला मुलगा तिसरीतला, पंचगंगेच्या काठच्या वस्तीतला. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांचे तपशील एकत्र केले आहेत.

ट्यूशनच्या आधी दहा मिनिटांची तपासणी करावी. मुलानं कधीच न पाहिलेला, त्याच्या इयत्तेचा सोपा उतारा द्यायचा आणि मिनिटभर मोठ्यानं वाचून घ्यायचा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द, तेही अर्थ समजून, असं लक्ष्य आहे. हा मुलगा सत्तरच्या पुढं गेला, जोडाक्षरांना अडला नाही. म्हणजे अक्षरओळखीची अडचण नव्हती. (मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, 'घराबाहेरच्यांना' हा एकच शब्द. त्यामुळं इंग्रजी माध्यमातल्या भावंडाच्या आकड्याशी तुलना करू नये.)

उतारा असा होता: "तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. आजीने ज्वारीची पोती माळ्यावर चढवायला लावली. बाबांनी म्हशी टेकडीवरच्या मामांच्या गोठ्यात नेऊन बांधल्या. दादा मात्र दर तासाला पुलाकडे जाऊन येत होता. रात्री कोणीच झोपले नाही."

म्हशी कुठं नेल्या? उत्तर लगेच आलं, शब्दन् शब्द बरोबर. घरच्यांना कशाची भीती वाटत होती? बोट पहिल्या ओळीपासून फिरायला लागलं. तो 'भीती' हा शब्द शोधत होता. शेवटच्या ओळीपर्यंत गेला आणि म्हणाला, "उत्तर धड्यात नाहीच." दादा पुलाकडं का जात होता? "दर तासाला." प्रश्न 'का'चा होता, पण 'पुलाकडे'च्या शेजारी जे सापडलं ते त्यानं उचललं.

मग पुस्तक मिटलं आणि तशाच धर्तीचा दुसरा उतारा त्याला नुसता वाचून दाखवला. त्यात नदीकाठचे दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवत होते. का हलवतायत? "पाणी येणार न्हवं!" मग स्वतःहूनच सांगितलं की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट झालं की इशारा आणि 43 ला धोका. दर पावसाळ्यात ज्या गल्लीत 'पाणी किती फुटावर?' हाच विषय असतो, तिथल्या पोराला हे शिकवावं लागत नाही.

ऐकून कळतं, वाचताही येतं, मग अडतं कुठं? त्याच्या लेखी धडा म्हणजे उत्तरं ठेवलेला डबा. वर्गात वर्षभर 'इथून इथपर्यंत उत्तर' म्हणत पेन्सिलीनं कंस करून घेतले जातात, घरी गाईड असतं. धड्याबाहेरचं, आपल्या डोक्यातलं वापरायला परवानगी नाही, अशी त्याची समजूत झाली होती. ट्यूशननं तर कंसच वाढले असते.

सगळ्या मुलांचं दुखणं हेच नसतं. ऐकून कळतं पण वाचन मिनिटाला तीस-पस्तीस शब्दांवर रखडतं, तर सगळी शक्ती अक्षरं जुळवण्यात जाते. तिथं आधी रोज एकच छोटा उतारा तीनदा वाचण्याचा सराव हवा. वाचूनही नाही आणि ऐकूनही नाही, तर शब्दसंपत्तीकडं बघावं, विशेषतः घरात कन्नड किंवा हिंदी बोलत असतील तर. घरच्या भाषेतली गोष्टही सांगता येत नसेल, तर कानांची तपासणी आधी.

या मुलासाठी घरी आठवड्यातून चार दिवस, पंधरा मिनिटं ठरली. आठ-दहा वाक्यं वाचायची, पुस्तक मिटायचं आणि काय झालं ते घरच्या बोलीत सांगायचं. 'त्यो म्हणला' चालेल, शुद्धलेखन इथं आणायचं नाही. मग प्रश्न फक्त दोन. एकाचं उत्तर ओळीत सापडणारं, दुसऱ्याचं न सापडणारं. प्रत्येक उत्तरानंतर 'कशावरून?' विचारायचं आणि आता पुस्तक उघडून बोट ठेवून दाखवायचं.

वर्गात बाईंनी पेन्सिलीचे कंस बंद केले. रोज एक 'न सापडणारा' प्रश्न. विचारल्यावर मनात पाच आकडे मोजून थांबायचं. हे सगळ्यात अवघड गेलं, कारण शिक्षकाला शांतता सोसत नाही आणि दोन सेकंदांत उत्तर स्वतःच दिलं जातं. तरी हात तीच चार मुलं वर करायची. म्हणून सगळ्यांनी पाटीवर एकच शब्द लिहायचा आणि एकदम पाट्या वर करायच्या असं केलं. सामूहिक वाचनात लपणारी मुलं तिथं दिसली. शिवाय 'मात्र', 'तरीही', 'च', 'ही' असे अर्थ फिरवणारे बारके शब्द घेतले. 'राजू आला', 'राजूच आला', 'राजूही आला' फळ्यावर लिहून 'आणखी कोण आलं?' एवढंच विचारायचं.

तिसऱ्या आठवड्यात गाडी दुसऱ्या टोकाला गेली. डोक्यातलं चालतं म्हटल्यावर मुलगा काहीही सांगू लागला. पूल पडला असेल, मगर आली असेल. ही चांगली खूण आहे, फक्त 'कशावरून?' सोडायचं नाही. घरी वडिलांनी जेवताना दहा-दहा प्रश्न सुरू केले होते. पोरगं ताट सोडून उठायला लागल्यावर ते थांबवलं. काम जमलं ते आज्जीला. तिला वाचता येत नाही, त्यामुळं तिचं 'मग?' खरं असतं. गोष्ट तिला माहीतच नसते आणि मुलाला ते कळतं.

आईची खरी धास्ती गुणांची होती. स्वतःच्या शब्दांत लिहिलं आणि मार्क कापले तर? धास्ती खोटी नव्हती, एका चाचणीत तसं झालंही. बाईंशी बोलून ठरलं की 'का' आणि 'कशावरून'च्या उत्तरात आधार बरोबर असेल तर शब्द कुणाचेही चालतील. पालकांनी हे तोंडदेखलं न विचारता, वही समोर ठेवून विचारावं.

आठ आठवड्यांनी नवा उतारा दिला. चारपैकी तीन बरोबर, चुकला तो 'मात्र'चा. आता तीच खोड गणितात दिसतेय. "तीन गोट्या मित्राला दिल्या, पाच उरल्या, आधी किती होत्या?" 'उरल्या' दिसलं की वजाबाकी, उत्तर दोन. तिथंही सध्या पुस्तक मिटून आधी गोष्ट सांगायला लावतोय, पेन्सिल नंतर.